मुंबई–दिल्ली १,१४० किलोमीटर, मग सव्वादोन तास कशाला? आणि पुढचं विमान पकडायचं तर हातात किती वेळ हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन मुंबईहून दिल्लीमार्गे देहरादूनला जायचंय. मुंबईचं विमान सकाळी ९ ला सुटतं आणि तिकिटावर दिल्लीला ११.१५ ला पोचतं. देहरादूनचं विमान १२.४० ला, दुसऱ्या कंपनीचं, वेगळं तिकीट. नेटवर अंतर १,१५० किलोमीटरच्या आसपास दिसतं आणि विमानाचा वेग ८५०, म्हणजे १०.२० पर्यंत उतरायला हवं. कंपन्या ‘उगाच’ तासभर वाढवून सांगतात, तेव्हा प्रत्यक्षात हातात दोन तासांच्या वर मिळतील ना?

नाही मिळणार. भागाकार बरोबर आहे, पण तो ज्या वेळेला लावलाय ती वेळच वेगळी आहे. आणि खरी अडचण अंतराची नाहीच, वेगळ्या तिकिटाची आहे. ११.१५ धरले तरी देहरादूनच्या विमानाचा काउंटर ११.४० ला बंद होतो, कारण देशांतर्गत विमानांचे काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद करतात. म्हणजे एक तास पंचवीस मिनिटांचा वाटणारा अवधी सामान घेऊन जाणाऱ्यासाठी पंचवीस मिनिटांचाच आहे. हे आधी डोक्यात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आधी अंतर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेली सर्वांत छोटी रेषा साधारण १,१४० किलोमीटर भरते, आमच्या विमानवाल्यांच्या भाषेत ६१५ नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). नेटवर दहावीस किलोमीटर इकडेतिकडे दिसतात, कारण कुणी विमानतळापासून मोजतं, कुणी शहराच्या मध्यापासून. रेल्वेने हेच अंतर मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली १,३८६ किलोमीटर होतं. गंमत म्हणजे ही सरळ रेषा दाहोद आणि कोटा यांच्या जवळून जाते, म्हणजे राजधानीचा मार्ग आणि विमानाची रेषा दाहोद ते कोटा ह्या टप्प्यात फारशा लांब नाहीतच. रेल्वेचे जादा किलोमीटर बरेचसे वडोदऱ्याच्या पुढे घेतलेल्या वळणांत जातात.

विमान मात्र ही रेषा धरून उडत नाही. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वर्षातले बहुतेक दिवस उड्डाण पश्चिमेला, जुहूच्या समुद्रावर होतं. दिल्ली आहे उत्तर-ईशान्येला. म्हणजे पहिले काही किलोमीटर विमान दिल्लीकडे जातच नाही, समुद्रावर जाऊन उजवीकडे वळतं. दिल्लीच्याही चारही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम, आणि तुम्ही येता दक्षिणेकडून. त्यामुळे शेवटी शहराच्या एका अंगाला जाऊन, वळून, धावपट्टीच्या रेषेत रांगेत लागावं लागतं. मधला भाग ठरलेल्या हवाई मार्गांनी, लष्करासाठी राखलेले पट्टे चुकवून. हे सगळं धरून प्रत्यक्ष उडालेलं अंतर १,२०० किलोमीटरच्या आसपास जातं. रात्री उशिरा आकाश मोकळं असेल तर नियंत्रण कक्ष मधले वळणबिंदू गाळून ‘डायरेक्ट’ देतो, तेव्हा थोडं वाचतं.

आता वेग. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ साधारण माक ०.७८ ला उडवतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्के. ३५,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे ५४ अंश धरलं तर हे ताशी ८३० किलोमीटर होतात. आपल्याकडे वरची हवा प्रमाणापेक्षा पुष्कळदा गरम असते, त्यामुळे तोच माक ताशी ८४०–८५० पर्यंत जातो. तुमचा ८५० चा आकडा इथून आलाय आणि तो खराच आहे. पण हा वेग विमानाला मिळतो तो फक्त मधल्या सपाट भागात.

१०,००० फुटांच्या खाली वेगमर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर. तिथून वर चढतानाही विमान पूर्ण वेगात नसतं, कारण शक्ती उंची मिळवण्यात खर्च होते. ३५,००० फुटांवर जायला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात सुमारे २३० किलोमीटर कापले जातात. उतरण्याचा हिशेब आम्ही असा धरतो: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३५ गुणिले ३ म्हणजे १०५ मैल, वर वेग कमी करायला दहाएक मैल, मिळून ११५ मैल, म्हणजे सुमारे २१५ किलोमीटर. दिल्लीसाठी इंजिनांचा आवाज मंदावतो आणि कानाला दडे बसायला लागतात तो क्षण जयपूरच्या आसपास येतो, तो ह्यामुळे. ह्या उतरणीला पंचवीस मिनिटं धरा, रांग असेल तर जास्त.

मांडणी करून बघा. चढाई २३० किलोमीटर, २२ मिनिटं. उतरण आणि रांग २२० किलोमीटर, २५ मिनिटं. मध्ये उरले ७५०, ताशी ८४० ने ५४ मिनिटं. बेरीज १०१ मिनिटं. कॅप्टन घोषणा करतो ‘उड्डाणाचा कालावधी एक तास चाळीस मिनिटे’, तो हाच आकडा. तुमच्या हिशेबातल्या ८१ मिनिटांत वीस मिनिटांची भर पडली ती अशी, आणि अजून विमान जमिनीवर हललेलंही नाही.

तिकिटावरची वेळ म्हणजे उडण्याची आणि उतरण्याची वेळ नव्हे, हे बहुतेकांना माहीत नसतं. प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदल्या जातात: आउट, ऑफ, ऑन, इन. दारं बंद होऊन पार्किंग ब्रेक सुटला की ‘आउट’. चाकांवरचा भार गेला, म्हणजे विमानाने जमीन सोडली, की ‘ऑफ’. भार परत आला की ‘ऑन’. जागेवर उभं राहून ब्रेक लागला, दार उघडलं की ‘इन’. हे वैमानिक घड्याळ बघून लिहीत बसत नाही, बहुतेक विमानांत सेन्सर टिपतात आणि संदेश आपोआप कंपनीकडे जातो. तिकिटावरचे ९.०० म्हणजे आउट आणि ११.१५ म्हणजे इन. ह्या दोहोंमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. ब्लॉक म्हणजे चाकांखाली लावतात ते ठोकळे.

आउट ते ऑफ मुंबईत किती? ट्रॅक्टरने मागे ढकलणं, इंजिनं चालू करणं, ट्रॅक्टर सुटून माणसाने हात दाखवणं, यातच पाच-सहा मिनिटं जातात. मग रांग. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर गर्दीच्या वेळी तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात, म्हणजे दर ऐंशी सेकंदांना एक. सकाळी नऊची वेळ ऐन गर्दीची. टी-१ म्हणजे विलेपार्ल्याकडच्या टर्मिनलवरून निघालात तर धावपट्टीचं कुर्ल्याकडचं टोक गाठायलाच बरंच टॅक्सी करावं लागतं. पंधरा ते वीस मिनिटं सहज धरा, पंचवीसही होतात. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. तुमचं तिकीट तिथलं तर नाही ना, हे आधी बघा (कोड एनएमआय). मुंबई म्हटलं की सहार-सांताक्रूझ असं गृहीत धरून घराबाहेर पडायचे दिवस गेले.

दिल्लीत ऑन ते इन. तिथे चार जवळजवळ समांतर धावपट्ट्या आहेत आणि कोणत्या धावपट्टीवर उतरवलं व कोणत्या टर्मिनलला जायचंय ह्यावर सगळं अवलंबून. जवळची मिळाली तर सहा मिनिटांत गेटला, लांबची मिळाली तर पंधरा-वीस. २०२३ साली चौथी धावपट्टी आणि पूर्वेकडचा उन्नत टॅक्सीमार्ग सुरू झाल्यावर टी-१ ला जाणाऱ्या विमानांचा वळसा बराच कमी झाला, पण नशिबाचा भाग उरतोच. सरासरी दहा मिनिटं धरू.

१०१ अधिक १८ अधिक १०, झाले १२९. तिकिटावर १३५. म्हणजे ज्याला तुम्ही तासभराची ‘वाढवलेली’ वेळ म्हणता, त्यातली निव्वळ राखीव म्हणावी अशी मिनिटं सहाच.

ही राखीव मिनिटं कंपन्या टाकतात हे मात्र खरं, लपवण्यासारखं काही नाही. गेल्या वर्षीच्या त्याच ऋतूतल्या, त्याच वेळेच्या उड्डाणांच्या ब्लॉक वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत लावतात आणि सरासरीच्या थोडी वरची वेळ निवडतात. सरासरीच निवडली तर अर्धी विमानं रोज उशिरा दिसतील. वक्तशीरपणा मोजताना पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरत नाहीत, हेही त्या निवडीत येतं. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून एकाच मार्गाची वेळ उन्हाळ्यात २ तास ५ आणि हिवाळ्यात २ तास १५ दिसू शकते. पण भरमसाट वाढवणं कंपनीला परवडत नाही. कर्मचाऱ्यांचे तास ब्लॉकवर मोजतात, विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं, आणि प्रत्येक फेरीत दहा मिनिटं फुकट घालवली तर संध्याकाळची एक फेरी जवळजवळ बुडते. शिवाय विमान रद्द केलं आणि वेळेत कळवलं नाही तर द्यायची भरपाईही ब्लॉक टाइमवरच ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. मुंबई–दिल्ली दोन तासांच्या वरच्या गटात पडतं ते ह्या ब्लॉक टाइममुळेच. (धुकं, वादळ, नियंत्रण कक्षाचे निर्बंध ह्या कारणांना ही भरपाई नसते. जानेवारीत तिच्यावर भरवसा ठेवू नका.)

‘उशीर झाला तर पायलट वेगाने नेऊन भरून काढतो’ असंही पुष्कळ जण म्हणतात. आकडाच बघा. माक ०.७८ चा ०.८० केला तर वेग अडीच टक्के वाढतो. मधली ५४ मिनिटं अडीच टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे वाचलं किती? सव्वा-दीड मिनिट. ए-३२० ची मर्यादाच ०.८२ आहे, आणि त्या टोकाला रोजचं विमान कुणी नेत नाही. लांबच्या उड्डाणात ह्याचा उपयोग होतो, दोन तासांच्या उड्डाणात जवळपास शून्य. वेळ भरून निघतो तो राखीव मिनिटांतून, डायरेक्ट मार्ग मिळाल्याने आणि दिल्लीत रांग नसल्याने. तिन्ही गोष्टी वैमानिकाच्या हातातल्या नाहीत.

वाऱ्याबद्दल कुणीतरी विचारेलच. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, ३५–४० हजार फुटांवर शंभर नॉटच्या वर सहज. पण मुंबई–दिल्ली दिशा उत्तरेपासून जेमतेम २२ अंश पूर्वेला झुकलेली आहे, त्यामुळे हा वारा मुख्यतः कुशीत लागतो. १०० नॉटच्या वाऱ्यातले सुमारे ३७ नॉट पाठीशी येतात, त्यातले दहाएक नॉट तिरकं धरून उडण्यात जातात. दिल्लीकडे जाताना फायदा निव्वळ पंचवीसेक नॉटचा, परत येताना तोटा पंचेचाळीसेकचा. वाऱ्याचा जोर वाटेच्या उत्तर भागातच असतो, तेव्हा जाण्यायेण्यातला फरक पाच-सहा मिनिटांपलीकडे क्वचित जातो. हाच वारा दिल्ली–गुवाहाटीला बघा. अंतर सुमारे १,४६० किलोमीटर आणि दिशा जवळजवळ पूर्व, त्यामुळे हिवाळ्यात जाणं आणि येणं यांत अर्ध्या तासाचा फरक पडतो. एकाच मार्गाच्या दोन दिशांच्या वेळा वेगळ्या दिसल्या तर आधी नकाशावर दिशा बघावी.

परदेशी तिकिटांबाबत एक गल्लत नेहमी होते, म्हणून जाता जाता: तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. मुंबई–दुबई साधारण १,९३० किलोमीटर आणि दुबईचं घड्याळ दीड तास मागे. जाताना सुटण्या-पोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी केली तर दोन तासांच्या आतबाहेर दिसतात, येताना सव्वाचार. खरा फरक एवढा नसतो. आपल्या देशात एकच प्रमाणवेळ, म्हणून मुंबई–दिल्लीला वजाबाकी चालते.

स्वतः अंदाज काढायचा असेल तर जेट विमानासाठी हा ठोकताळा पुरतो: किलोमीटरमधलं सरळ अंतर भागिले ८००, आलेल्या तासांची मिनिटं करा, त्यात ४५ मिळवा. मुंबई–नागपूर सुमारे ६८५ किलोमीटर: ५१ अधिक ४५, म्हणजे १ तास ३६. पुणे–दिल्ली सुमारे १,१५०: ८६ अधिक ४५, २ तास ११. (पुणे मुंबईच्या दक्षिणेला असूनही अंतर जवळजवळ तेवढंच भरतं, कारण ते पूर्वेलाही सरकलेलं आहे.) ब्लॉक टाइम ह्याच्या दहा मिनिटं इकडेतिकडे येईल. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानांना हे लावू नका, ती ताशी पाचशेच्या घरात उडतात.

आता तुमचा जानेवारी. ह्या महिन्यात वरचं सगळं गणित दुय्यम होतं, कारण दिल्लीचं धुकं मुंबईतल्या तुमच्या विमानाला जमिनीवरच धरून ठेवतं. दिल्लीत कॅट-३ बी, म्हणजे दाट धुक्यात उपकरणांच्या आधाराने विमान उतरवायची प्रणाली आहे. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंत दिसत असलं तरी विमान उतरवता येतं, अर्थात विमान आणि वैमानिक दोघंही त्यासाठी पात्र हवेत. पण उड्डाण करायला किमान १२५ मीटर दिसावं लागतं. ह्या दोन आकड्यांच्या मधली दृश्यमानता सर्वांत वाईट, कारण विमानं उतरतात पण उडत नाहीत. तासाभरात उभं करायच्या जागा भरतात आणि मग येणाऱ्यांनाही थांबवावं लागतं. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, त्यामुळे तासाला उतरणाऱ्यांची संख्या घटते.

अशा वेळी दिल्लीतल्या वसंत कुंजमधल्या विमानांच्या प्रवाह नियंत्रण केंद्रातून प्रत्येक विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ मिळते. विमानाने ती पाच मिनिटं आधी ते दहा मिनिटं नंतर एवढ्या खिडकीत पाळायची. मुंबईत दारं बंद करून विमान पाऊण तास उभं राहतं आणि कॅप्टन ‘दिल्लीकडून वेळ मिळालेली नाही’ म्हणतो, ते हेच. प्रवासी चिडतात. पण टॅक्सीत ए-३२० मिनिटाला दहा-बारा किलो इंधन जाळतं, हवेत घिरट्या घालताना पस्तीस-चाळीस किलो, आणि इंजिनं बंद करून उभं राहिलं तर नगण्य. मुंबई–दिल्लीचं प्रवासाचं इंधन साधारण चार टन. त्यावर ५ टक्के अनपेक्षितासाठी, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटची ३० मिनिटं जी प्रत्यक्षात वापरायची वेळच येऊ नये अशी. धुक्याच्या दिवशी आम्ही आणखी अर्ध्यापाऊण तासाचं घालतो, आणि जवळचं जयपूर स्वतःच धुक्यात असेल तर पर्यायी विमानतळ लांबचा, अहमदाबाद किंवा इंदूर, धरावा लागतो. इंधन जास्त म्हणजे वजन जास्त, म्हणून तेही मनमानेल तेवढं भरता येत नाही.

धुकं साधारण मध्यरात्रीनंतर दाटतं आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास उठतं. एरवी मी कुणालाही दिवसाचं पहिलं विमान घ्यायला सांगेन, कारण ते रात्रीच येऊन उभं असतं आणि आधीच्या फेऱ्यांचा उशीर त्याला चिकटलेला नसतो. जानेवारीत दिल्लीसाठी मात्र हा सल्ला उलटा करा. सहाचं विमान सव्वाआठला, ऐन धुक्यात पोचतं. तुमचं नऊचं विमान ११.१५ ला पोचतं, ते अगदी काठावर आहे. बाराच्या पुढे पोचणारं चांगलं, पण ते विमान सकाळी उत्तरेतूनच मुंबईला येणार असेल तर त्याच्या मागे उशीर येतो. ते कुठून येतंय हे आदल्या आठवड्यात बघता येतं.

बघायचं कसं, त्यातही एक फसगत आहे. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर तुमचा विमान क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांच्या वेळा दिसतात. तिथे पोचण्यापुढे बहुधा ‘लँडेड’ची वेळ असते, म्हणजे ऑन, इन नव्हे. रोज ११.०० दिसतंय म्हणून विमान रोज पंधरा मिनिटं लवकर पोचतं असं समजू नका. त्यात टॅक्सीची दहा-पंधरा मिनिटं, दार उघडून मागच्या रांगा रिकाम्या व्हायची दहा मिनिटं, आणि सामानाच्या पट्ट्यावरची वीस ते तीस मिनिटं मिळवा.

वेगळ्या तिकिटाचं मी सुरुवातीलाच का काढलं ते आता लक्षात येईल. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणं असतील तर सामान मुंबईतच देहरादूनपर्यंत लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्या उड्डाणात बसवणं कंपनीचं काम. वेगळं तिकीट म्हणजे दिल्लीत बाहेर यायचं, बॅगा घ्यायच्या, टर्मिनल वेगळं असेल तर बदलायचं, पुन्हा काउंटर, पुन्हा सुरक्षा तपासणी. टी-१ आणि टी-३ आतून जोडलेले नाहीत, बस किंवा टॅक्सीने रस्त्यावरून जावं लागतं आणि गर्दीत त्यातच अर्धा-पाऊण तास जातो. ११.१५ ला ‘इन’ झालात, ११.२५ ला विमानाबाहेर, ११.५० ला बॅगा हातात. काउंटर दहा मिनिटांपूर्वी बंद झालेला. हे सगळं वेळेवर घडलं तर!

मग काय करावं? आधी मुंबई–देहरादून थेट विमान बघा, तशी असतात. वयस्कर माणसं बरोबर असताना दोनेक हजार जास्त पडले तरी तेच घ्या. ते जमलं नाही तर एकाच कंपनीचं, एकाच पीएनआरवरचं जोडविमान. वेगळीच तिकिटं काढायची वेळ आली तर एकाच टर्मिनलवर किमान चार तास, टर्मिनल बदलणार असेल तर पाच. मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर असता तर मी तीन म्हटलं असतं. मे-जूनमध्ये दुपारनंतर दिल्लीत धुळीची आंधी येते, तेव्हा सकाळचं विमान बरं. आणि मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी एकेक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात. ती तारीख महिने आधी जाहीर होते, तेव्हा त्या दिवसांत तिकीट काढताना एकदा पडताळा.

हातातल्याच सामानावर निभावता आलं आणि वेब चेक-इन केलेलं असेल, तर काउंटरचे ६० मिनिटं तुम्हाला लागू नाहीत, गेट बंद होतं ते साधारण २०–२५ मिनिटं आधी. तेवढ्यावर ११.१५ आणि १२.४० हे एरवीच्या महिन्यात, एकाच टर्मिनलवर, तरुण माणसाला जमू शकतं. आईवडिलांसह जानेवारीत नाही. व्हीलचेअर लागणार असेल तर ती दोन्ही कंपन्यांकडे ४८ तास आधी वेगवेगळी नोंदवा. पहिल्या कंपनीचा माणूस बाहेरच्या दारापर्यंत सोडतो आणि तिथून परत फिरतो.

आणखी एक गोष्ट लोक विचारत नाहीत, पण धुक्यात घडते. विमान जयपूरला वळवलं, तर घाईने उतरून टॅक्सी करायचा मोह आवरा. रस्त्याने दिल्ली पावणेतीनशे किलोमीटर, वाटेत तेच धुकं, आणि तुमच्या बॅगा विमानाच्या पोटात. बहुतेक वेळा दृश्यमानता सुधारली की इंधन भरून तेच विमान पाऊण तासात दिल्लीला आणतं. फक्त वैमानिकांचे कामाचे तास संपले तर नवे येईपर्यंत खोळंबा होतो, म्हणून केबिन क्रूला नेमकं हेच विचारा: ‘ह्याच क्रूला पुढे नेता येईल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर बसून राहा. आईवडिलांची औषधं आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा, खालच्या बॅगेत नको.